पस्तीसपैकी चार

दवाखाना फक्त आजारी माणसालाच बोलावतो असा माझा जन्मभराचा समज होता. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेल्या एका कागदाने तो मोडला. मी अक्षरे पन्नाशी उलटल्यावर शिकलो, त्यामुळे भिंतीवर काही लिहिलेले दिसले की ते पूर्ण वाचल्याशिवाय माझा पाय पुढे निघत नाही, मग ती खताची जाहिरात असो की हरवलेल्या बकरीची. त्या कागदावर लिहिले होते, 'निरोगी डोळ्यांचे साठ वर्षांवरील स्त्री-पुरुष पाहिजेत. डोळ्यांतील अश्रूंचे प्रमाण मोजण्यात येईल.'

मी ते दोनदा वाचले आणि माझी छाती फुगली. आलापल्लीच्या लाकूड डेपोत मी चौकीदार होतो. ओंडक्यावर मारलेला शिक्का मी फाटकातून ओळखत असे. चष्मा मी आजवर फक्त दुसऱ्यांच्या नाकावर पाहिला आहे. इतकी वर्षे हे डोळे मी सांभाळले, आणि आता शेवटी कोणीतरी त्यांची रीतसर चौकशी करत होते.

शेजारचा पत्रू माझ्या मागे उभा राहून ऐकत होता. त्याला वाचता येते, पण तो माझ्याकडूनच वाचून घेतो.

"लटारूभाऊ, जाऊ नका," तो म्हणाला. "चांगले डोळे काऊन पाहिजेत त्याईले? विचार करा ना. खराब डोळा घेऊन कोणी काय करन? चांगलाच काढून नेतीन."

"अरे, मोजण्यात येईल असं लिहिलं आहे."

"काढाच्या आधी मोजतेतच!"

घरी आल्यावर आशाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितले. ती तांदूळ पाखडत होती. तिने सूप थांबवलेही नाही.

"मोजू द्या. पाणी सापडलं तर मलेही दाखवा म्हणा."

या टोमण्याला कारण आहे. तिचा भाऊ वारला तेव्हा सगळे रडत होते, आणि मी सरणाची लाकडे ओली आहेत म्हणून ती बदलून घेत होतो. लाकूड खरोखर ओले होते. माझ्यामुळेच मेव्हण्याचे सगळे वेळेत पार पडले. पण हे उपकार आशाबाईने कधी मानले नाहीत. "माणूस मेला आणि हे लाकडं पारखून राह्यले," हे वाक्य आमच्या घरात मिठासारखे वापरले जाते.

गावात संघप्रिया आशा वर्कर आहे. निरोगी डोळे गोळा करायचे काम तिच्यावर आले होते, आणि ती रडकुंडीला आली होती. "भाऊ, आजारी मागतले असते तर मी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून देल्ली असती," ती म्हणाली. "निरोगी मागतलं का सगळे खोकून दाखवतेत." मी लगेच नाव दिले. मी नाव दिले म्हणून पत्रूनेही दिले. माझे डोळे गेले तर त्याला साक्षीदार म्हणून हजर राहायचे होते, असे त्याने सांगितले.

शाळेच्या खोलीत तपासणी होती. दीपिका मॅडम नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई शहरातून आल्या होत्या. त्यांनी आधी बॅटरी मारून डोळे पाहिले, जळजळ, खाज, पाणी गळणे असे सगळे विचारले आणि मग प्रत्येकाच्या दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली. टीपकागदासारखा कागद. डोळ्यातले पाणी त्यात जितके खाली उतरेल, तितके मिलिमीटर मोजायचे. पाच मिनिटे बोलायचे नाही, चोळायचे नाही, हसायचे तर मुळीच नाही.

पहिलीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन गावातले प्रतिष्ठित लोक बसले होते, आणि दुकानातल्या कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लोंबतात तसे प्रत्येकाच्या डोळ्यांतून कागद लोंबत होते. खिडकीच्या गजांना सगळे गाव लटकले होते. अशा स्थितीत माणसाने चेहरा कसा ठेवावा हे मला कोणी शिकवले नव्हते. मी आमचे जुने रेंजर साहेब फोटो काढताना ठेवत तसा ठेवला.

घोटाळा झाला तो आकड्यांमुळे. त्या पट्टीवर पस्तीसपर्यंत आकडे होते. पस्तीसच का, हे ती बनवणाऱ्याला ठाऊक. पण महाराष्ट्रातल्या माणसाला पस्तीस हा आकडा दाखवल्यावर पुढे काही सांगावे लागत नाही. पस्तीस म्हणजे पास. हे आमच्या हाडात आहे.

पत्रू दहावीत गणितात इतक्या वेळा आपटला होता की शेवटी मास्तरच निवृत्त झाले. त्याच्या पट्ट्या पाच मिनिटे व्हायच्या आतच शेवटपर्यंत भिजल्या. मॅडमनी आकडा सांगताच तो उठला, पट्ट्यांसकट बाहेर धावला आणि ओरडला, "पस्तीस! दोन्ही पेपरात पस्तीस!" त्याच्या बायकोने तिथेच त्याच्यावरून मीठ ओवाळून टाकले.

मग माझ्या पट्ट्या वाचल्या. उजवा चार. डावा चार.

खिडकीच्या गजांना लटकलेले हात सुटू लागले.

"बाबा, काळजीचं कारण नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला कसलाच त्रास नाही, नजर तर माझ्याहून चांगली आहे. तुमचे डोळे निरोगीच आहेत. निरोगी डोळ्यांतसुद्धा पाणी कमी-जास्त असतं, तेच तर आम्ही पाहतोय. उद्या मोजलं तर वेगळा आकडा येईल."

मला हे सगळे समजले. पण मॅडम बोलायला लागेपर्यंत खिडकी रिकामी झाली होती. लोक आकडा घेऊन निघून गेले होते.

संध्याकाळपर्यंत गावात माझी ओळख बदलली. पानठेल्यावर मला रोज बसायला जागा देत, ती त्या दिवशीही दिली. पण देताना लोक हळहळले. पत्रूचे मात्र दिवस पालटले. कोणाकडे मयत झाली की त्याला पुढे बसवू लागले. तोही पस्तीसवाल्याला शोभेल असा हळू चालू लागला.

इथवरचे मी सोसले असते. पण आमच्या पुनमचे लग्न ठरत होते. पुनम आश्रमशाळेत शिकवते. मुलगा घुग्घुसचा, प्रफुल नावाचा, खाणीत नोकरीला. तो तिला पसंत होता हे ती बोलली नव्हती, पण त्याचा फोन आला की ती बोअरिंगच्या पलीकडे जाऊन तासभर बोलत असे. तिथे रेंज नसते हे सगळ्या गावाला माहीत आहे. तरी बोलत असे.

आणि आमच्याकडे बिदाईची एक रीत आहे. मुलगी जीपमध्ये बसण्याआधी दोन्ही व्याही गळ्यात गळा घालतात आणि मुलीच्या बापाने रडायचे असते. तो रडला की मुलाचा बाप आपल्या शेल्याने त्याचे डोळे पुसतो, आणि त्यानंतरच जीप सुरू होते. बाप रडला नाही तर लोक म्हणतात की पोरगी घरात जड झाली होती, बरे झाले गेली.

पत्रूने घुग्घुसच्या आपल्या साळ्याला फोन करून स्वतःचा निकाल कळवला. तुलनेसाठी माझाही कळवला. दुसऱ्या दिवशी प्रफुलच्या वडिलांचा, मुखरूभाऊंचा, फोन आला. मुखरूभाऊंचा जन्म खाणीतल्या मशीनशेजारी गेला, त्यामुळे ते कानात बोलल्यासारखे बोलले तरी अर्धी गल्ली ऐकते.

"लटारूभाऊ, तुमाले चार आले म्हणते!"

"होय जी."

"पस्तीसपैकी?"

"त्याचं तसं नाई मुखरूभाऊ, डॉक्टरीणबाई म्हणे का—"

"माझ्या बहिणीनं डोकं खाल्लं ना! ते म्हणते, सख्ख्या बापाच्या डोळ्यात पाणी नाई, म्हणजे पोरगी त्याले जड झाली असन. काऊन जड झाली याची चौकशी करा म्हणते. मले पोरगी पसंत हाये भाऊ. पण बहिणीपुढं माझं काही चालत नाई. साक्षगंधाच्या आधी नंबर सुधरवा. नाईतर हे जमत नाई पाहा."

मी फोन ठेवला. पुनम दारात उभी होती. तिने ऐकले होते, कारण गल्लीने ऐकले होते.  त्या संध्याकाळी ती बोअरिंगकडे गेली नाही.

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. त्या दिवसापासून माझा अभ्यास सुरू झाला.

शिकवणीला अर्थातच पत्रू. तो पस्तीसवाला. त्याची पद्धत दुःख आठवण्याची होती. मला ओसरीवर बसवून त्याने आपल्या मेलेल्या बैलाची हकीकत सुरू केली. बैल अगदी वासरू असल्यापासून. तो कसा हंबरायचा हे तो करून दाखवू लागला, आणि तिथेच सगळे बिघडले, कारण पत्रूचे ते हंबरणे ऐकून समोरच्या गोठ्यातली गाय दावे तोडून आमच्या ओसरीवर आली. पत्रू बैलासाठी ढसाढसा रडत होता, गाय त्याच्या अंगावर येत होती, आणि मला हसू आवरत नव्हते. "लटारूभाऊ, तुमचं काळीज दगडाचं हाये," असे म्हणून तो माझ्याच शेल्याने नाक पुसून गेला.

आशाबाईने कांदे घेतले. मी कांदे कापू लागलो. ती समोर बसून माझ्या डोळ्यांवर नजर ठेवून होती, त्यामुळे सगळा कांदा तिलाच लागला. तिच्या डोळ्यांतून धारा आणि मी कोरडा. "तुमच्यापायी जलमभर मीच रडली," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्याजवळ पुरावा होता.

शेवटी मी माझ्या स्वतःच्या ज्ञानाकडे वळलो. कोणते लाकूड किती धूर देते, हे या पंचक्रोशीत मला विचारावे. मी पळसाच्या ओल्या फांद्या आणल्या, चुलीत घातल्या आणि तोंड पुढे करून बसलो. पाणी आले! खरोखर आले! मी आनंदाने ओरडलो, "आलं! आलं!" बाहेरून पाहणाऱ्याला मात्र घरातून काळा धूर आणि म्हाताऱ्याचा आरडाओरडा एवढेच दिसत होते. पुनम धावत आली आणि तिने बादली माझ्यावर ओतली. चूल नंतर विझली. आधी मी विझलो.

तरी आता हे जमते असे मला वाटले, आणि फेरतपासणीसाठी मी दीपिका मॅडमच्या शहरातल्या दवाखान्यात गेलो. दवाखान्याचे नाव लिहीत नाही. त्यांना पुन्हा तोंड दाखवायचे आहे.

"तक्रार काय?" खिडकीतल्या माणसाने विचारले.

"तक्रार नाई. मी निरोगी आहे."

"मग आले काऊन?"

"निरोगी असल्याचीच परत मोजणी पाहिजे."

त्याने कॉम्प्युटरकडे पाहिले. "काकाजी, यात निरोगी नाई. ताप हाये, खोकला हाये, कुत्रा चावणं हाये. याच्यातलं काही सांगा, मी चिठ्ठी फाडतो."

कुत्रा चावल्याचे खोटे सांगणे माझ्या तत्त्वात बसेना. त्याने मला दुसऱ्या खिडकीवर पाठवले. तिथे पहिल्या खिडकीची चिठ्ठी मागितली. तिसऱ्या खिडकीवर म्हाताऱ्यांसाठी वेगळी रांग होती. तिच्यात उभे राहिल्यावर कळले की ती म्हातारपणाच्या दाखल्याची आहे. मी परत पहिल्या खिडकीवर आलो. त्या माणसाने वर पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

"अहो, डोळे तर लालबुंद हाये तुमचे! आधी नाई सांगाव?"

चिठ्ठी मिळाली. दीपिका मॅडमनी मला ओळखले. डोळे पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "बाबा, हे काय करून घेतलं? अशा डोळ्यांची मोजणी मी करू शकत नाही. आमचं काम निरोगी डोळ्यांचं आहे. आता तुमचं नावही कमी करावं लागेल."

म्हणजे मी नापाससुद्धा राहिलो नाही. मला परीक्षेतूनच काढले.

मग मी त्यांना सगळे सांगितले, साक्षगंधापासून गायीपर्यंत. त्या बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. वळल्या तेव्हा म्हणाल्या, "या पट्टीवर माया मोजता येत नाही, बाबा."

"तसं लिहून द्या ना मॅडम. शिक्क्यासह."

"तसं लिहायला दवाखान्याकडे कागद नाही," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांत घालायचे औषध लिहून दिले. चुलीपासून लांब राहायला सांगितले.

साक्षगंधापर्यंत लाली उतरली. बाकी काही सुधारले नव्हते.

घुग्घुसची मंडळी दोन जीपमधून आली. मांडवात ताट ठेवले. ताटात साडी, नारळ, साखर, आणि त्यांच्या मधोमध एक नवाकोरा डबा. मुखरूभाऊंनी तो डॉक्टर लोक सामान घेतात त्या दुकानातून आणला होता. आत त्याच पट्ट्या होत्या. डब्याला कुंकूही लावले होते. त्यांच्या बहिणीने पहिल्या रांगेतली खुर्ची माझ्या तोंडासमोर सरकवून घेतली.  ती पाहायला आली होती.

"आधी नाश्ता करून घेऊ," मी म्हणालो. जितके लांबेल तितके बरे. मुखरूभाऊंनी मिरचीची भजी मन लावून खाल्ली, हात शेल्याला पुसले आणि म्हणाले, "चला भाऊ. आपलं एकदाचं मोजून टाकू."

मी खुर्चीत बसलो. संघप्रियाला पाहुणी म्हणून बोलावले होते. तिला उठवले. "मी आशा वर्कर हाये, डोळ्याची डॉक्टर नाई," ती म्हणाली, पण तिने नकार दिला तर पत्रू तयारच उभा होता, हे पाहून ती हात धुवायला गेली.

तेवढ्यात पुनम बाहेर आली. तिच्या अंगावर हळदीच्या रंगाची साडी होती. बोलावल्याशिवाय नवरीने मांडवात यायचे नसते.

"बाबा रडले तर मी लगन करणार नाई," ती म्हणाली.

संघप्रिया ओले हात घेऊन जागीच थांबली.

"आन् नाई रडले तर आमी करणार नाई!" मुखरूभाऊंच्या तोंडून निघून गेले.

"पुनम, मी काय म्हणतो—" प्रफुल उठला.

"तू बस," पुनम आणि मुखरूभाऊ एकदम म्हणाले. तो बसला.

"मी लय बिदाया पाह्यल्या," पुनम म्हणाली. "बाप रडते, सारे त्याले धरतेत, पाणी देतेत. पोरगी एकटी जीपमध्ये बसून मागं पाहत राह्यते. रडणाऱ्या बापाले टाकून मले जाता येत नाई. त्याईनं नाई रडावं. मग मी जाईन."

आता सांगा. रडलो तर मुलगी नाही जाणार, नाही रडलो तर तिला कोणी नेणार नाही. माझ्या आयुष्यात माझ्या डोळ्यांना इतके महत्त्व कधी आले नव्हते, आणि त्यांचे काय करावे हे मला कळत नव्हते.  आशाबाईने माझ्याकडे पाहिले. कांद्याशिवाय तिचे डोळे भरले होते.

मार्ग काढला पत्रूने. मयतीत पुढे बसून बसून त्याला पुढाकार घ्यायची सवय झाली होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, "लटारूभाऊले डोळे किती? दोन. डावा इवायाचा, म्हणजे मुखरूभाऊचा, उजवा पोरीचा. डावा वला झाला पाह्यजे, उजवा सुका राह्यला पाह्यजे. दोन्ही पार्टीचं समाधान."

यावर हसणारा एकही माणूस त्या मांडवात नव्हता, यावरून आमची काय अवस्था झाली होती ते समजावे. मुखरूभाऊंनी बहिणीकडे पाहिले. बहिणीने विचार करून मान हलवली. पुनमनेही हलवली. फक्त एक वाद उरला. संघप्रिया आमच्या गावची, ती आमच्या बाजूने मोजेल, असे मुखरूभाऊंचे म्हणणे पडले. म्हणून ठरले की डाव्या डोळ्यात पट्टी ते स्वतः लावतील आणि उजव्यात संघप्रिया.

संघप्रियाने उजवी पट्टी अलगद लावली. पुनम त्या बाजूला येऊन बसली. मुखरूभाऊंनी पट्टीचे टोक चांगले चिमटीत दाबून दुमडले आणि माझी डावी पापणी खाली ओढली.

मी सांगितले आहे की त्यांनी हात शेल्याला पुसले होते. धुतले नव्हते.

माझ्या डाव्या डोळ्यात घुग्घुसची अख्खी खाण पेटली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. ओरडलो असतो, पण नियम मला पाठ होते, बोलायचे नाही आणि चोळायचे नाही. मुखरूभाऊ पट्टीला नाक लावून लिलावासारखे आकडे पुकारू लागले. "दहा! सतरा! चोवीस! अबे, भाऊच्या पोटात लय माया हाये रे!" पाणी पट्टी सोडून गालावर, गालावरून सदऱ्यावर. "पस्तीस! फुल पस्तीस!" बहीण खुर्चीतून उठली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मुखरूभाऊंनी त्याच आनंदात मूठभर साखर माझ्या तोंडात कोंबली. साखर तिखट लागली.

उजवीकडे मात्र शांत होते. पुनमने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. लहानपणी जत्रेत हरवू नये म्हणून ठेवायची तसा.

"बाबा, आपलं ठरलं हाये," ती हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिले. सांगतात की एक डोळा पेटला की दुसराही आपोआप भरतो. तसेच असेल. दीपिका मॅडमना विचारायला पाहिजे होते. मला फक्त इतके कळले की पुनमचा चेहरा मला नीट दिसेनासा झाला, आणि माझी नजर तर फाटकातून शिक्का ओळखणारी.

संघप्रिया उजवी पट्टी वाचायला वाकली. त्याआधीच पुनमने हात पुढे केला, पट्टी ओढून काढली आणि मूठ मिटली.

"कोरडी हाये," ती म्हणाली.

"किती आली पण?" बहिणीने विचारले.

"सांगतलं ना आत्याबाई. कोरडी."

मग ओटी भरायला घेतली. नारळ दोन्ही हातांनी, पदर पसरून घ्यायचा असतो. पुनमने तो एका हाताने घेतला. साडीही एका हाताने घेतली. दुसरी मूठ तिने उघडली नाही, आणि इतक्या मोठ्या माणसांपैकी एकानेही तिला 'मूठ उघड' असे म्हटले नाही.